स्वमग्न मुलांच्या शिक्षकांचे शिक्षण

शिकविणाऱ्याने आधी स्वतः शिकले पाहिजे, हे तत्त्व सर्वांस मान्य आहे. पण त्याने काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने शिकावे, याचा विचार क्वचितच होतो. स्वमग्न मुलांच्या बाबतीत या उपेक्षेचे फळ मुलालाच भोगावे लागते. हाक मारली असता जो वळून पाहत नाही, तो उर्मट ठरतो. घंटेचा आवाज असह्य होऊन जो कान झाकतो, तो हट्टी ठरतो. समज अपुरी असते आपली, शिक्षा मात्र होते त्याला.

स्वमग्नता हा संसर्गजन्य रोग नव्हे, की आईबापांच्या वागणुकीचा परिणामही नव्हे. ती मेंदूच्या घडणीतील वेगळेपणा होय. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने तिचा समावेश एकवीस प्रकारांत केला असून, सर्व मुलांना एकत्र शिकविण्याच्या कामी साहाय्य करणारी माणसे तयार करावीत, असेही त्यात सांगितले आहे. ती तयार कशी करावीत, हाच खरा प्रश्न आहे.

याचा एक बोलका दाखला गोव्यातच आहे. 'संगाथ' या संस्थेच्या सहभागाने २०१३ साली गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे एक प्रयोग झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांची पासष्ट मुले होती. पैकी तीस गोव्याची. तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना खास शिक्षण देऊन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कामास लावले. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रण करावयाचे, मग ते त्यांच्यासह पाहून मुलाच्या खुणेला त्यांनी कोठे अचूक प्रतिसाद दिला, ते दाखवावयाचे, अशी ही पद्धत होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा काळ घटला. अर्थात, कोणत्याही शिक्षणक्रमाचा परिणाम मोजून पाहिल्यावाचून समाधान मानू नये, हाही धडा त्यातून मिळतो.

यावरून आमच्या मते अभ्यासक्रमाचा क्रम असा असावा. प्रथम निरीक्षण. 'हट्ट करतो' असे न लिहिता 'घंटा होताच कान झाकून दाराकडे धावतो' असे लिहावयास शिकवावे. कारण पहिल्या वाक्यातून केवळ राग निघतो, दुसऱ्यातून उपाय. त्यानंतर परिसराचा विचार. घंटा होण्यापूर्वी मुलास सूचना द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, जत्रेतील ढोलताशांपासून दूर जाण्यास शांत जागा ठेवावी. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालावयास येतात तेव्हा दिवे व गोंगाट आवरावा लागतो, हे आपण जाणतोच. मुलांसाठी एवढे करणे कठीण का वाटावे?

तिसरा भाग भाषेचा. 'हात चालव' म्हटले, की काही मुले शब्दशः हातच हलवू लागतात. म्हणून आज्ञा छोटी व स्पष्ट असावी. आपल्याकडे घरी कोंकणी आणि शाळेत मराठी असते. तेव्हा मुलाचे घरचे शब्द शिक्षकाने आईकडून जाणून घ्यावेत. चौथा भाग प्रत्यक्ष कामाचा. केवळ व्याख्याने ऐकून पोहता येत नाही, तसेच हेही. आठवडाभर शिकावे, महिनाभर वर्गात करून पाहावे, अडचणी घेऊन तज्ज्ञांकडे परत यावे. परीक्षा लेखी उत्तरांवर न होता कामावरून व्हावी. स्वमग्न असलेल्या प्रौढ व्यक्ती आणि पालक यांना अशा वर्गात शिक्षक म्हणून मानाने बोलवावे. त्यांचा अनुभव पुस्तकात सापडत नाही.

या वर्गात गुरुजींबरोबरच शाळेचे शिपाई, बसचालक आणि माध्यान्ह आहार वाढणाऱ्या भगिनीही असाव्यात, कारण मुलाचा दिवस केवळ फळ्यासमोर सरत नाही. आणि विद्यार्थीमित्रहो, त्याच्या शेजारच्या बाकावर तुम्ही बसता. खेळात त्याला हाक मारावी, उत्तरास वेळ लागला तर थांबावे, आणि त्याच्या वागण्याची नक्कल कोणी करू लागल्यास हसू नये. एवढा अभ्यास तर कोणत्याही परीक्षेवाचून आजच सुरू करता येईल.