हेज फंडांची बाजू सेबीकडे कोण मांडतं? आणि परतूरच्या सोयाबीनचा त्याच्याशी काय संबंध?

परतूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलं की बोली लागण्याआधी हात मोबाइलकडे जातो. लातूरला काय भाव आहे? इंदूरला काय? डिसेंबर 2021 पर्यंत या यादीत आणखी एक आकडा असायचा, तो म्हणजे एनसीडीईएक्स या एक्सचेंजवरचा वायद्याचा भाव. सेबीच्या एका आदेशाने तो थांबला.

असे नियम ठरताना सरकारच्या आणि सेबीच्या कानावर कोण जातं? त्यात शेतकरी किती असतात? समजून घेऊया.

आधी हेज फंड म्हणजे काय?

मोजक्या श्रीमंत गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून शेअर, वायदे अशा ठिकाणी जोखमीचे डाव खेळणारा फंड म्हणजे हेज फंड. भाव वाढला तरी आणि पडला तरी कमाई करायची, हा त्याचा प्रयत्न असतो. भारतात असे फंड सेबीच्या 2012 च्या नियमांनुसार 'पर्यायी गुंतवणूक निधी', म्हणजेच एआयएफच्या तिसऱ्या गटात येतात. त्यात साधारणपणे किमान 1 कोटी रुपये गुंतवावे लागतात. म्हणजे तुमच्या-आमच्या एसआयपीचा हा मामला नाही.

पण हे फंड शेतमालाच्या बाजारातही येऊ शकतात. 21 जून 2017 च्या परिपत्रकाने सेबीने त्यांना कमोडिटी वायदेबाजाराचं दार उघडलं. अट अशी की एका मालात फंडाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा लावायचा नाही. बाजारात मोठे खरेदी-विक्रीदार आले तर व्यवहार वाढतील, असा त्यामागचा विचार होता.

संघटना नेमकं करतात काय?

एकेकटा फंड नियामकाच्या दारात जात नाही, त्यांची संघटना जाते. जगात एमएफए आणि एआयएमए ही हेज फंडांची मोठी नावं. भारतात व्हेंचर फंडांपासून इतर एआयएफपर्यंत अनेकांची बाजू आयव्हीसीए मांडते. पद्धती साधारण चार.

1. लेखी हरकती. सेबी बहुतेक मोठ्या बदलांआधी चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवते. त्यासाठी बऱ्याचदा तीनेक आठवडेच मिळतात. संघटनेकडे वकील, सीए आणि आकडेवारी तयार असते. कोणत्या कलमातला कोणता शब्द बदलावा, इथपर्यंत त्या लिहून देतात.

2. समित्या. सेबीच्या सल्लागार समित्यांवर उद्योगातली माणसं असतात. एआयएफच्या धोरणासाठी 2015 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष इन्फोसिसचे नारायण मूर्ती होते.

3. पत्रं आणि भेटीगाठी. 19 डिसेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या एआयएफमधल्या गुंतवणुकीवर कडक बंधनं घातली. थकलेलं कर्ज फंडाच्या आडून नव्या पैशाने झाकलं जाईल, ही भीती होती. फंड उद्योगाने सवलतीसाठी पाठपुरावा केला. 27 मार्च 2024 रोजी काही अटी सैल झाल्या.

4. कोर्ट. अमेरिकेत शेअर बाजाराच्या नियामकाने ऑगस्ट 2023 मध्ये खासगी फंडांना शुल्क आणि खर्चाचा तिमाही हिशेब देण्याची सक्ती केली. एमएफए, एआयएमए आणि इतर संघटना कोर्टात गेल्या. जून 2024 मध्ये कोर्टाने ते नियमच रद्द केले.

हे सगळं कायदेशीर आहे. शिवाय नियामकाला त्यातून प्रत्यक्ष बाजाराची माहितीही मिळते. प्रश्न एवढाच की ज्यांची संघटना तगडी नाही, त्यांची माहिती कोण देणार?

आता परत सोयाबीनकडे

2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला 10 हजारांचा टप्पा ओलांडला. शेतकरी खूश होता, पण सोयापेंड महागल्यामुळे कोंबडीपालन उद्योग अडचणीत आला. त्यांच्या संघटनांनी सरकारकडे पेंड आयातीची मागणी लावून धरली. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची इंदूरची संघटना 'सोपा' विरोधात होती. ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येण्याआधीच भाव उतरायला लागले.

त्यानंतर 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा, मूग, गहू, मोहरी, बिगर-बासमती धान आणि कच्चं पामतेल या सात मालांचे नवे वायदे वर्षभरासाठी बंद केले. महागाई रोखणं हा हेतू सांगितला गेला. मग मुदतवाढ मिळत गेली. मार्च 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत नेली गेली.

बंदी उठवा म्हणून कोण पुढे आलं? वायदेबाजारातल्या दलालांची संघटना सीपीएआय आली, खाद्यतेल उद्योगाची 'सी' आली. शेतकरी संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये मुंबईत सेबीच्या कार्यालयासमोर आंदोलन केलं. फरक लक्षात घ्या: उद्योगाकडे लेटरहेड होतं, शेतकऱ्याला रस्त्यावर बसावं लागलं.

मग वायदे चांगले की वाईट?

सरळ उत्तर नाही. सट्ट्यामुळे भाव भडकतात, असं ग्राहकांच्या बाजूने म्हटलं जातं. पण अभिजित सेन समितीला 2008 मध्ये वायद्यांमुळेच महागाई वाढते, याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. दुसरीकडे, बंदीमुळेच सोयाबीन पडलं असंही म्हणता येत नाही. खाद्यतेलाची आयात आणि जागतिक भाव यांचाही त्यात वाटा आहे. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना राज्यात बरंच सोयाबीन त्याखाली विकलं गेलं.

वीस-पंचवीस क्विंटलवाला शेतकरी स्वतः वायदे करत नाही, हे खरं. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांचा भाव दिसला, तर आज विकायचं की गोदामात ठेवायचं हे तो ठरवू शकतो. शेतकरी उत्पादक कंपनी तर सभासदांच्या मालाचा भाव वायद्यात आधीच बांधून घेऊ शकते. बंदीने या दोन्ही गोष्टी गेल्या.

तुम्ही काय करू शकता?

सेबीची चर्चापत्रं तिच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली असतात. मत द्यायला फंड मॅनेजर असावं लागत नाही. अडचण ही की ती बहुतेक इंग्रजीत असतात आणि मुदत कमी असते. म्हणून एकट्याने जमत नसेल तर उत्पादक कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा. काय विकलं, कधी विकलं, काय भाव मिळाला आणि वायदा बंद झाल्याने काय फरक पडला, एवढं आकड्यांसह लिहिलं तरी पुरे. मोठ्या संघटनाही मुळात हेच करतात. फक्त त्या मुदत संपायच्या आत करतात.