विमा आणि विश्वास

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत अतिवृष्टि होऊन सिंदफणा व गोदावरी या नद्यांस पूर आला. आपल्या बीड जिल्ह्यांत उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. कित्येकांच्या घरांतहि पाणी शिरलें. अशा संकटानंतर गांवोगांव एकच प्रश्न ऐकूं येतो : "विम्याचे पैसे भरले खरे, पण कंपनी कांहीं देईल काय?" हा अविश्वास कोठून उत्पन्न होतो, याचा आपण येथें थोडक्यांत विचार करूं.

पुष्कळांनीं थोडेंथोडें द्रव्य एकत्र करून संकटांत सांपडलेल्या थोड्यांस साहाय्य करणें, याचें नांव विमा. गांवांत एक घर जळालें, तर ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु दुष्काळ किंवा महापूर सर्व जिल्ह्यावर एकदमच कोसळतो. तेव्हां मागणारे पुष्कळ आणि शिल्लक थोडी, अशी स्थिति होते. सन २०२० च्या खरीप हंगामांत बीड जिल्ह्याचा पीकविमा उतरविण्यास खासगी कंपन्या पुढें आल्या नाहींत. अखेर भारतीय कृषि विमा कंपनी या सरकारी संस्थेनें तें काम पत्करिलें.

त्या वेळीं जी अट ठरली, तीस 'बीड पॅटर्न' हें नांव पडलें. हप्त्याची एकूण रक्कम १०० रुपये धरिल्यास कंपनीनें ११० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी व त्यावरील भार राज्य सरकारनें सोसावा. उलट, भरपाई ८० रुपयांहून कमी झाल्यास कंपनीनें २० रुपये ठेवून बाकी सरकारास परत करावी. उदाहरणार्थ, भरपाई ५० रुपये झाली, तर ३० रुपये परत. संकटसमयीं कंपनीनें अमर्याद नफा मिळवूं नये, हा यांतील हेतु. सन २०२२ मध्यें ही पद्धति राज्यभर लागू झाली.

तथापि हप्त्याचा बहुतेक भाग सरकारच भरीत असल्यामुळें उरलेली रक्कमहि सरकाराकडेच जाते. शेतकऱ्याचें दुःख निराळेंच आहे. महसूल मंडळांतील कांहीं निवडक शेतांत पीक कापून त्याचें वजन करितात व त्यावरून सर्व मंडळाची सरासरी ठरवितात. ती सरासरी बरी निघाली, म्हणजे नदीकांठीं ज्याचें शेत खरवडून गेलें, त्याच्या हातीं यांतून कांहींच पडत नाहीं. सन २०२० मध्यें स्वतःच्या शेताच्या नुकसानीची वर्दी ७२ तासांत देण्याची सोय होती. पण रस्ते बुडाले आणि वीज गेली असतां ती द्यावी कशी?

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, केवळ नफ्यास मर्यादा घातल्यानें विश्वास बसत नाहीं. मोजमाप लोकांच्या डोळ्यांदेखत झालें आणि पैसे कां मिळाले वा न मिळाले याचें कारण उघड कळलें, तरच तो बसतो. म्हणून गांवांत पीककापणीचा प्रयोग होईल तेव्हां पालकांनीं तेथें हजर राहावें व विम्याची पावती जपून ठेवावी. आणि विद्यार्थिमित्रहो, त्या कागदावरील बारीक अक्षरांतील अटी हप्ता भरण्यापूर्वींच घरांतील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा. आपल्या शिक्षणाचा हा उपयोग लहान नव्हे.