पेशींची जबानी

जिवंत देहात सहस्रावधी निरोपांची ये-जा एकाच वेळी चाललेली असल्यामुळे, अमुक परिणाम अमुकच पेशीच्या फर्मानाने झाला हे तेथे शाबीत करणे दुष्कर असते. म्हणून पेशींना देहाबाहेर काढून काचेत जगविण्याची विद्या या संशोधनास अपरिहार्य ठरली. १९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जेचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवून त्यातून फुटणारा तंतू प्रत्यक्ष पाहिला, आणि या मार्गाचा आरंभ झाला.

पुढे उंदराच्या मांसार्बुदाचे कलम कोंबडीच्या भ्रूणावर केले असता त्याचे मज्जातंतू अमर्याद वाढतात, हे पाहून अर्बुदातून काही द्रव्य स्रवत असावे असा तर्क रीटा लेवी-मोन्ताल्चिनी या इटालियन विदुषींनी केला. त्याची खातरजमा करण्यासाठी, १९५२ साली, अर्बुदग्रस्त उंदीर बरोबर घेऊन त्या विमानाने रिओ द जानेरोला हेर्टा मायर यांच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत गेल्या. पातळ काचेवर रक्तद्रवाचा थेंब घ्यायचा, त्यात भ्रूणातून काढलेली मज्जापेशींची गुच्छिका आणि तिला न शिवेल इतक्या अंतरावर अर्बुदाचा कण ठेवायचा, काच उलटून खोलगट पट्टीवर बसवायची आणि कडा मेणाने बंद करून ती उबेत ठेवायची, एवढीच ती तजवीज. दिवसभरात गुच्छिकेभोवती तंतूंचे दाट प्रभामंडळ उमटले. अर्बुदाविना ठेवलेल्या गुच्छिकेतून मात्र तुरळकच तंतू निघाले. स्पर्शाविना निरोप पोचला होता.

परंतु तुलनेसाठी उंदराची निरोगी ऊती वापरली, तेव्हा तिनेही, मंदपणे का होईना, तोच परिणाम दाखविला, आणि लेवी-मोन्ताल्चिनी अतिशय खिन्न झाल्या. या शास्त्रात तुलनेच्या थेंबाइतका सत्यनिष्ठ साक्षीदार दुसरा नाही, असे मला वाटते. पुढे सेंट लुईस येथे त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी, त्या द्रव्यातील न्यूक्लिइक आम्ल नष्ट करण्यासाठी सर्पविष घातले आणि केवळ विषाचाही एक थेंब तुलनेस ठेवला, तो त्यातील प्रभामंडळ अर्बुदाहून सरस निघाले! विष ज्या ग्रंथीतून स्रवते ती लाळग्रंथीच्याच कुळातली; मग उंदराची लाळग्रंथी तपासली, आणि तीत त्याच द्रव्याचा विपुल साठा सापडला. उंदराच्या निरोगी ऊतीकडे संशयाने पाहण्याचे कारण उरले नाही. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लोंबत्या थेंबाऐवजी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याने विभागलेल्या कप्प्यांत दोन प्रकारच्या पेशी वाढवितात, किंवा एकीवरचा पोषकद्रव काढून दुसरीवर घालतात. आणि शेजारी, ज्यात कोणतीच पेशी वाढली नाही अशा कोऱ्या पोषकद्रवावरची बशी ठेवल्यावाचून त्या प्रयोगाचा निष्कर्ष ग्राह्य धरीत नाहीत.