पक्षांतर्गत स्पर्धा आणि प्राथमिक निवडणूक : लातूर-नांदेडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदवी वर्गास अमेरिकेची राज्यव्यवस्था शिकविताना 'प्राथमिक निवडणूक' या संकल्पनेपाशी तास हमखास थांबतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी पक्षाचे सामान्य मतदार मतदान करतात, एकाच पक्षाचे दोन नेते सहा-सहा महिने परस्परांवर जाहीर टीका करतात आणि तरीही पक्ष दुभंगत नाही, हे विद्यार्थ्यांना पटत नाही. "सर, मग तिकीट देतं कोण?" हा प्रश्न ठरलेलाच. लातूर-नांदेड परिसरातील विद्यार्थ्याने तो विचारावा हे स्वाभाविक आहे. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. परंतु त्यांचे येणे-जाणे बहुतांशी दिल्लीच्या निर्णयाने झाले.

पक्षातील फूट ही उघड स्पर्धेमुळे निर्माण होते, असा आपल्याकडे समज आहे. प्रस्तुत लेखात नेमका हाच समज तपासून पाहावयाचा आहे. त्यासाठी 2008 हे वर्ष सोयीचे ठरते, कारण त्या वर्षी अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षात व महाराष्ट्रातील काँग्रेस पक्षात सर्वोच्च पदासाठी पक्षांतर्गत संघर्ष झाला.

अमेरिकेतील पद्धती आणि 2008 ची स्पर्धा

प्राथमिक निवडणूक ही अमेरिकेतही पूर्वापार निर्णायक नव्हती. 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. व्हिएतनाम युद्धास विरोध करणाऱ्या प्रतिनिधींना आपण डावलले गेलो असे वाटले. शिकागो येथील अधिवेशनात व त्याबाहेर रस्त्यावर जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर जॉर्ज मॅकगव्हर्न व पुढे डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले आणि 1972 पासून उमेदवार ठरविण्याचा अधिकार प्रामुख्याने पक्षाच्या मतदारांकडे गेला. म्हणजे ही पद्धती एका मोठ्या फुटीनंतर, त्या फुटीवरील उपाय म्हणून रूढ झाली.

2008 मध्ये बराक ओबामा व श्रीमती हिलरी क्लिंटन यांच्यातील स्पर्धा 3 जानेवारी रोजी आयोवा राज्यातील मतदारसभांपासून सुरू झाली व 3 जूनपर्यंत चालली. दोघांनाही प्रत्येकी सुमारे पावणेदोन कोटी मते मिळाली. फ्लोरिडा व मिशिगन या राज्यांनी पक्षाने ठरविलेल्या वेळापत्रकाआधीच मतदान घेतल्याने त्यांच्या प्रतिनिधींचे काय करावयाचे, हा वाद विकोपास गेला. अखेर 31 मे रोजी पक्षाच्या नियम समितीने त्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धे मत दिले. हा निर्णय हिलरी समर्थकांना मुळीच रुचला नाही. काहींनी नोव्हेंबरमध्ये ओबामांना मत न देण्याची भाषा केली. मात्र 7 जून रोजी हिलरी यांनी आपली मोहीम थांबविली, ऑगस्टमध्ये डेन्व्हर येथील अधिवेशनात ओबामांची निवड आवाजी मतदानाने करावी असा प्रस्ताव स्वतः मांडला आणि 1 डिसेंबर 2008 रोजी ओबामांनी परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांच्या नावाची घोषणा केली.

येथे महत्त्वाची बाब अशी की, हिलरी यांना किती मते मिळाली हे सर्वांना ठाऊक होते. त्यांचा पराभव मोजलेला होता, म्हणून त्यांचे बळही मोजलेले होते. विजयी उमेदवारास त्या बळाची दखल घेणे भाग होते व पराभूतास आपला पराभव अमान्य करणे कठीण होते. शिवाय अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्राथमिक निवडणूक हरलेल्या व्यक्तीस त्याच पदासाठी अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही. आपल्याकडील बंडखोरीची वाट तेथे कायद्यानेच बऱ्याच अंशी बंद केलेली आहे.

अर्थात ही पद्धती निर्दोष नाही. ती अतिशय खर्चिक आहे व तीत मतदान करणाऱ्यांचे प्रमाणही कमी असते. 2024 मध्ये तर जो बायडेन यांनी 21 जुलै रोजी माघार घेतल्यानंतर श्रीमती कमला हॅरिस यांची उमेदवारी त्या वर्षीच्या प्राथमिक निवडणुकांत न उतरताच निश्चित झाली.

डिसेंबर 2008 : मुंबई, लातूर, नांदेड

ज्या 1 डिसेंबरला शिकागोत हिलरींच्या नावाची घोषणा होत होती, त्याच दिवशी मुंबईत 26 नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला. आदल्या दिवशी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर पायउतार झाले होते. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही जावे लागले. एकाच आठवड्यात लातूर जिल्ह्याच्या दोन नेत्यांची पदे गेली आणि मुख्यमंत्रिपद शेजारच्या नांदेडकडे आले.

या बदलाची रीत पाहण्याजोगी आहे. प्रणव मुखर्जी व ए. के. अँटनी हे निरीक्षक म्हणून मुंबईत आले. आमदारांची मते जाणून घेण्यात आली. सुशीलकुमार शिंदे, नारायण राणे व अशोक चव्हाण यांची नावे चर्चेत होती. निर्णयाचा अधिकार पक्षाध्यक्षांकडे सोपविला गेला व अशोक चव्हाण यांचे नाव जाहीर झाले. कोणत्या आमदाराने कोणाचे नाव घेतले, कोणास किती पाठिंबा होता, याचे आकडे मात्र कधीच जाहीर झाले नाहीत. राणे यांनी बहुसंख्य आमदार आपल्या बाजूने असल्याचा दावा करीत पक्षनेतृत्वावर उघड टीका केली. त्यांचे लगोलग निलंबन झाले. हा दावा खरा की खोटा, हे आज सांगण्याचे कोणतेही साधन अभ्यासकाजवळ नाही. मोजणीच झालेली नसल्याने दावा खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. काही महिन्यांतच राणे यांचे निलंबन मागे घेण्यात आले व ते पुन्हा मंत्री झाले. 2017 मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली.

हा अपवाद नव्हे. 2004 ची विधानसभा निवडणूक सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना लढविली गेली. निकालानंतर मुख्यमंत्री झाले ते विलासराव. या बदलामागेही जाहीर मोजणी नव्हती.

अशा अनिर्णीत स्पर्धेचे पुढे काय होते? आपल्या भागात ती जिल्ह्याच्या अस्मितेचे रूप घेते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 2009 च्या प्रारंभी नव्या महसूल विभागाचे आयुक्तालय नांदेड येथे करण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा लातुरात तीव्र आंदोलन झाले व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. प्रशासकीय सोयीचा, अंतराचा, लोकसंख्येचा विचार त्यात होताच. परंतु दोन्ही शहरांतील चर्चेत आयुक्तालयापेक्षा 'त्यांचा मुख्यमंत्री' आणि 'आपला मुख्यमंत्री' हेच अधिक होते. एकाच पक्षाची सत्ता, एकच विभाग, आणि 1994 पासून एकच विद्यापीठ असलेले हे दोन जिल्हे परस्परांसमोर उभे राहिले. दोन्हीकडच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकही या वादापासून अलिप्त नव्हते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

पराभूताचे स्थान

मोजणीशिवाय डावलल्या गेलेल्या नेत्यापुढे दोनच मार्ग उरतात : मुकाट्याने वाट पाहणे अथवा बाहेर पडून आपले बळ दाखविणे. मराठवाड्यातील नेत्यांनी दोन्ही मार्ग अनुसरले. शंकरराव चव्हाण यांना मे 1977 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले व वसंतदादा पाटील त्या पदावर आले. शंकररावांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस स्थापन केली, 1978 मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात ते सामील झाले, 1980 मध्ये काँग्रेसचे खासदार म्हणून नांदेडमधून निवडून आले आणि 1986 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलासराव 1995 मध्ये लातूर विधानसभा मतदारसंघात पराभूत झाले; पुढील वर्षी पक्षाने उमेदवारी न दिल्याने त्यांनी विधान परिषदेची निवडणूक बंडखोरी करून लढविली व अत्यल्प फरकाने ते हरले. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 1999 मध्ये, ते काँग्रेसचे मुख्यमंत्री होते.

ही उदाहरणे व्यक्तींच्या निष्ठेवर बोट ठेवण्यासाठी दिलेली नाहीत. बाहेर जाऊन आलेल्यास पक्षात अधिक मोल मिळते, कारण बळ सिद्ध करण्याची दुसरी सोय पक्षाने ठेवलेली नसते, एवढेच त्यावरून सूचित होते. पक्षांतरबंदी कायद्याने 1985 नंतर आमदार-खासदारांच्या वाटेत अडथळे आणले व 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीस असलेले संरक्षणही काढून घेतले. तथापि हा कायदा सभागृहातील वर्तनास लागू होतो; उमेदवारी देण्याच्या रीतीस तो स्पर्श करीत नाही.

लातूरचा प्रयोग

आपल्याकडे प्राथमिक निवडणूक झालीच नाही, असे मात्र नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी अंतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा व लातूर निवडले गेले. अमेरिकेप्रमाणे येथे सर्वसामान्य समर्थकास मत नव्हते. पक्षाचे विविध स्तरांवरील पदाधिकारी व लोकप्रतिनिधी हेच मतदार होते. लातूर मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथून 2009 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील जयवंतराव आवळे आठ हजारांहूनही कमी मताधिक्याने निवडून आले होते. 2014 च्या अंतर्गत मतदानातून दत्तात्रय बनसोडे यांची निवड झाली. प्रत्यक्ष निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे डॉ. सुनील गायकवाड यांनी त्यांचा अडीच लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. वर्ध्यातही काँग्रेस हरली.

त्याच निवडणुकीत नांदेडची उमेदवारी अशोक चव्हाण यांना श्रेष्ठींच्या निर्णयाने मिळाली व ते ऐंशी हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. राज्यात काँग्रेसला मिळालेल्या दोन जागांपैकी ती एक होती. म्हणून प्राथमिक निवडणूक आपल्या मातीत रुजत नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. 2014 मध्ये पक्षाविरुद्धची लाट देशव्यापी होती. उमेदवार निवडीच्या रीतीने तिला थोपविणे शक्य नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लातूरच्या पक्षांतर्गत सत्तेचा खरा प्रश्न त्या मतदानात नव्हताच. साखर कारखाने, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था यांवर ज्यांचे वर्चस्व होते ती घराणी राखीव जागेच्या स्पर्धेत उतरू शकत नव्हती. ज्या पदासाठी प्रबळ गटांना परस्परांशी लढावे लागत नव्हते, तेथे मतपेटी ठेवली गेली. जिल्हाध्यक्ष, विधानसभेची उमेदवारी, मुख्यमंत्रिपद येथे ती आली नाही. बडोद्यात तर अंतर्गत मतदानातून निवडले गेलेले नरेंद्र रावत यांनी, नरेंद्र मोदी तेथून लढणार हे स्पष्ट झाल्यावर, मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी जागा सोडली.

हा दोष एकाच पक्षाचा मानू नये. अडीच लाखांच्या मताधिक्याने निवडून आलेल्या डॉ. गायकवाड यांना 2019 मध्ये भाजपने पुन्हा उमेदवारी दिली नाही. सुधाकर शृंगारे यांना दिली. त्यासाठीही कोणतेही जाहीर अंतर्गत मतदान झाले नव्हते.

पुढील घडामोडी सर्वांच्या डोळ्यांसमोरच्या आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी मतदान झाले. मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 व शशी थरूर यांना 1,072 मते मिळाली. थरूर यांचे बळ त्या दिवशी आकड्यांत कळले व पुढील वर्षी ते कार्यकारिणीवर घेतले गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये अशोक चव्हाण यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत लातूर शहरात विलासरावांचे पुत्र अमित देशमुख यांच्यासमोर भाजपच्या उमेदवार म्हणून चाकूरकर यांच्या स्नुषा डॉ. अर्चना पाटील उभ्या होत्या. एका पक्षात राहून दोन घराण्यांनी जी स्पर्धा कधी मतपेटीपर्यंत नेली नव्हती, ती दोन पक्षांच्या चिन्हांवर लढली गेली.