हेन्री बीचर

हेन्री नोल्स बीचर (जन्म : १९०४, मृत्यू : १९७६) हे अमेरिकन भूलतज्ज्ञ व हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक होते. मानवावरील वैद्यकीय प्रयोगांतील अनैतिक व्यवहार उघड करणाऱ्या १९६६ मधील लेखामुळे ते विशेष ओळखले जातात.

कारकीर्द

कॅन्सास राज्यात जन्मलेल्या बीचर यांचे मूळ आडनाव उनांग्स्ट असे होते. तरुणपणी त्यांनी ते बदलले. १९३२ मध्ये त्यांनी हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळवली. १९४१ मध्ये ते तेथे भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करताना, गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक वेदनाशामक औषध मागत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. वेदनेचा अनुभव केवळ जखमेवर नव्हे, तर रुग्णाच्या मनःस्थितीवरही अवलंबून असतो, या विचाराकडे ते त्यातून वळले. औषधी गुण नसलेल्या गोळीनेही रुग्णाला आराम वाटू शकतो, हे मांडणारा त्यांचा लेख १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९६६ चा लेख

जून १९६६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी २२ प्रयोगांची उदाहरणे दिली. सैनिकांना उपलब्ध असलेले पेनिसिलिन न देणे, मतिमंद मुलांना काविळीचा संसर्ग घडवणे, वृद्ध रुग्णांना पूर्ण कल्पना न देता कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचणे अशी ती उदाहरणे होती. हे प्रयोग नामांकित संस्थांत झाले होते आणि प्रतिष्ठित नियतकालिकांत छापले गेले होते. बीचर यांनी संशोधकांची नावे दिली नाहीत. कोणा एकावर ठपका ठेवणे हा त्यांचा हेतू नव्हता, तर हा दोष सर्वत्र पसरला आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

विचार व मर्यादा

रुग्णाची समजून-उमजून घेतलेली संमती आवश्यक असली, तरी ती पूर्णपणे मिळवणे अवघड असते, असे बीचर यांचे मत होते. म्हणून सुजाण, सहृदय व जबाबदार संशोधक हेच रुग्णाचे अधिक भरवशाचे संरक्षण, असे ते मानत. बाहेरून लादलेल्या कठोर नियमांवर त्यांचा विश्वास नव्हता. मात्र १९५० च्या दशकात लष्कराच्या अर्थसाहाय्याने त्यांनी स्वतःही एलएसडीसारख्या द्रव्यांचे प्रयोग केले होते. त्यांच्या या कामावर पुढे इतिहासकारांनी टीका केली.

प्रभाव

१९६८ मध्ये मेंदूमृत्यूचे निकष ठरवणाऱ्या हार्वर्डच्या समितीचे ते अध्यक्ष होते. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशावरील उपचारांपासून दीर्घकाळ वंचित ठेवल्याचे १९७२ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर, १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला. प्रयोगापूर्वी स्वतंत्र समितीची मान्यता घेण्याच्या पद्धतीला त्यामुळे बळ मिळाले. या बदलासाठी अनुकूल वातावरण निर्माण करण्यात बीचर यांच्या लेखाचा मोठा वाटा होता. मात्र त्यातून उभी राहिलेली व्यवस्था संशोधकाच्या सदसद्विवेकापेक्षा नियमांवरच अधिक विसंबणारी ठरली.