जुनेही चालू, नवेही चालू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, किराणा दुकानातला लाकडी गल्ला मी पाहिलेला आहे. त्यात दोन खण होते, एक आण्यांचा आणि एक नव्या पैशांचा. रुपयाचे सोळा आणे आणि रुपयाचेच शंभर नवे पैसे, दोन्ही नाणी एकाच बाजारात चालत. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत, आणि पाव पैशाचे नाणे कोण देणार? म्हणून कोष्टक ठरले : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. गिऱ्हाइकाने एकेक आणा करून तीनदा माल नेला तर अठरा पैसे, आणि एकदम नेला तर एकोणीस. त्या एका पैशावरून दुकानात वाद होत, असे दादा सांगत. १९६४ च्या जूनमध्ये 'नवे पैसे' यातला 'नवे' हा शब्द गेला. तोंडातले चार आणे, आठ आणे अजून गेलेले नाहीत.

हे आठवायला कारण झाले ते संगणक. मी बी.ए. झालेला माणूस, कविता करणारा. पण पोटासाठी एका सहकारी संस्थेच्या हिशेब विभागात होतो. संस्थेच्या शाखा पुष्कळ होत्या. प्रत्येक शाखेतली माहिती रोज रात्री मुख्य कार्यालयातल्या यंत्रात यायची. कुणी ती एक्सेलमध्ये पाठवी, कुणी साध्या मजकुराच्या फाइलीत. ती उचलायची, साफ करायची, एका साच्यात बसवायची आणि मोठ्या वहीत भरायची. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला माहिती-एकत्रीकरणाचे सॉफ्टवेअर म्हणतात. काय उचलायचे, कशाशी जुळवायचे, कुठे ठेवायचे याची एक लिखित कृती त्याला द्यावी लागते. तिला 'पॅकेज' म्हणतात. मी तिला चिठ्ठी म्हणतो. आचाऱ्याला सामानाची आणि कृतीची चिठ्ठी द्यावी, तशी.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर होते. त्याच्या १९९८ च्या आणि २००० च्या आवृत्तीत या कामासाठी डीटीएस नावाचे साधन होते. २००५ मध्ये ते बाजूला सारून अगदी नव्या बांधणीचे 'इंटिग्रेशन सर्व्हिसेस' आले. मग २००८ ची आवृत्ती आली. आणि २०१० साली आमच्या एकाच यंत्रावर या तिन्ही पिढ्या नांदत होत्या. जुन्या डीटीएसच्या चिठ्ठ्या चालवण्याची सोय २००५ आणि २००८ च्या आवृत्त्यांत राखलेली होती. २०१२ च्या आवृत्तीत ती काढून टाकली.

एका छपराखाली तीन पिढ्या म्हटल्या की कोण कुणाचे वाचू शकतो हे पाहावे लागते. नव्याला जुन्याची चिठ्ठी वाचता येते. २००८ च्या आवृत्तीला २००५ ची चिठ्ठी दिली, तर ती मनातल्या मनात तिचे नवे रूप करते आणि काम उरकते. मूळ कागदाला हात लावत नाही, त्यामुळे दर रात्री पुन्हा तेच भाषांतर. पण कुणी ती चिठ्ठी नव्या आवृत्तीत उघडून जतन केली, की ती कायमची नव्याची झाली. जुन्याला ती उघडत नाही. परतीची वाट नसते, म्हणून आधी प्रत काढून ठेवायची. आमच्याकडे ती नेहमी काढली जात असे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दुसरी गंमत नावाची. चिठ्ठी चालवणाऱ्या हुकमाचे नाव दोन्ही आवृत्त्यांत एकच : डीटीएक्झेक. नुसते नाव लिहिले, तर यंत्र ठरलेल्या क्रमाने एकेक फोल्डर पाहते आणि पहिल्यांदा जो सापडेल त्याला कामाला लावते. २००५ चे फोल्डर '९०' नावाच्या कप्प्यात, २००८ चे '१००' नावाच्या. आणि यादीत बहुधा जुने आधी असते. आमच्या मोहल्ल्यात नुसते 'शेख' लिहिलेले पाकीट आले, की पोस्टमन ते कोपऱ्यावरच्या पहिल्या शेखांकडे टाकून मोकळा होई. तसेच हे. एका रात्री आमची नवी चिठ्ठी अशीच जुन्याच्या हाती पडली. त्याला ती वाचता आली नाही आणि सकाळी एका शाखेचा भरणा कोरा. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. हुकमापुढे पूर्ण पत्ता लिहायचा राहिला होता, तो लिहिला आणि प्रश्न मिटला. (या दोन्ही कप्प्यांच्या आत जे फोल्डर आहे, त्याचे नाव आजतागायत डीटीएस आहे. दुकान बदलले तरी पाटी जुनीच.) पुढे २००८ ची 'आर टू' नावाची सुधारित आवृत्ती आली. ती मात्र २००८ च्या शेजारी स्वतंत्र राहत नाही. या कामापुरती ती त्याच '१००' च्या खोलीत शिरते आणि आधीच्याला बदलून टाकते.

हे सारे निस्तरता येण्यासारखे, कारण यंत्र निदान अडते आणि अडलो म्हणून सांगते. खरी भीती असते यंत्र अडत नाही तेव्हाची.

लाभांश वाटपाची यादी करायची होती. ठरले असे की जुनी डीटीएसची चिठ्ठी आणि २००८ मध्ये नव्याने लिहिलेली चिठ्ठी, दोन्ही चालवायच्या. पैसे जुन्या यादीप्रमाणे द्यायचे, नवी फक्त ताडून पाहायची. ते ताडणे माझ्याकडे होते. दोन्ही याद्या विनातक्रार छापून आल्या आणि नव्या यादीत शंभरावर नावे कमी भरली. बहुतेक नावे एकाच शाखेतली. ती शाखा यंत्रमागवाल्यांच्या वस्तीतली, म्हणून शेख, अन्सारी, मोमीन अशी नावे जास्त.

कागद टेबलावर पडलेला कुणी पाहिला कोण जाणे. दुपारच्या चहापर्यंत बातमी वस्तीत पोचली की नव्या यंत्राने आपली नावे उडवली. संध्याकाळी माझ्या दारात चार माणसे उभी. त्यातले एक बुजुर्ग मला म्हणाले, "बेटा, तू तिथे बसतोस. खरे सांग, आमचीच नावे का गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पैसे जुन्या यादीप्रमाणेच मिळणार आहेत, एवढेच मी सांगू शकलो. ते त्यांना पटले असे वाटले नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री माझेही मन थाऱ्यावर नव्हते.

दुसऱ्या दिवशी संगणक विभागातला मुलगा आणि मी गळालेली नावे एकेक करून पाहू लागलो. त्यात पाटील होते, कांबळे होते, एक कुलकर्णीही होते. त्या शाखेच्या जुन्या सभासदांना क्रमांक नव्हते. इंग्रजीत लिहिलेले नाव आणि बापाचे नाव, हीच ओळख. मुख्य वहीत नावे सगळी मोठ्या इंग्रजी लिपीत होती. शाखेतल्या टंकलेखकाने फक्त पहिले अक्षर मोठे आणि बाकीची छोटी घातली होती. "शेखसाहेब, हे पाहा," तो मुलगा म्हणाला, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

जुनी चिठ्ठी प्रत्येक नावासाठी मुख्य वहीलाच विचारत असे, आणि आमची वही मोठी-छोटी अक्षरे एकच मानत होती. नवी चिठ्ठी वेग यावा म्हणून सगळी वही आधी स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेत होती आणि जुळवणी स्वतः करत होती. तिच्या लेखी मोठा 'ए' आणि छोटा 'ए' ही दोन वेगळी अक्षरे. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही तिला वेगळेपण वाटे. आपल्या लिपीत मोठे अक्षर आणि छोटे अक्षर असा भेदच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. उपाय दोन ओळींचा होता : जुळवण्यापूर्वी दोन्हीकडची नावे मोठ्या अक्षरांत करायची आणि कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या. रात्री पुन्हा चालवले, सगळी नावे परत आली. दोन्ही छापील याद्या घेऊन मी वस्तीत गेलो आणि त्या बुजुर्गांसमोर बसून सगळी नावे मोठ्याने वाचली. तास लागला.

ताळा कसा घ्यावा हेही तेव्हाच कळले. नुसत्या बेरजा पाहून भागत नाही. एक चूक वर, एक खाली, आणि बेरीज बरोबर येते. ओळीला ओळ लावावी लागते.

मात्र जुने आणि नवे किती काळ बरोबर चालवायचे, हा प्रश्न उरतोच. दुहेरी चालवले की रात्र कमी पडते आणि कुठलाही बदल दोन ठिकाणी करावा लागतो. एका ठिकाणी केला आणि दुसऱ्या ठिकाणी विसरला, की ताळ्यातले फरक कुणाच्या चुकीचे तेच कळेनासे होते. माझे मत असे की एक महिनाअखेर, एक तिमाही आणि ३१ मार्च, एवढे दोन्हीकडून बिनफरक पार पडले की जुने थांबवावे. आमच्याकडे ते त्यानंतरही आठ महिने चालू होते. बंद करण्याच्या कागदावर सही कुणी करायची, हे ठरत नव्हते.