प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि जांघेतील अंतर्गळ

अमेरिकेतील बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. भारतात १९७१ मध्ये वेल्लोर येथे असे प्रत्यारोपण यशस्वी झाले. परके मूत्रपिंड शरीराने नाकारणे हा या उपचारातील मोठा धोका होय. परंतु कधी कधी मूत्रपिंडाचे कार्य बिघडण्याचे कारण अगदी वेगळे, म्हणजे जांघेतील अंतर्गळ (हर्निया) हे असते. ही गुंतागुंत विरळा असली, तरी वेळीच ओळखल्यास मूत्रपिंड वाचविता येते.

अडथळा कसा होतो?

नवे मूत्रपिंड ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूस बसवून त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयास जोडतात. ही वाहिनी जांघेच्या जवळून जाते. ती आवश्यकतेपेक्षा लांब असेल, किंवा पुरुषांमध्ये वृषणरज्जूच्या खालून न जाता वरून गेलेली असेल, तर पुढे त्या बाजूस अंतर्गळ झाल्यास ती त्यात ओढली जाऊन मुडपते. मूत्र तुंबते व मूत्रपिंड फुगते. प्रत्यारोपणाच्या वेळी मूत्रपिंडाचे संवेदनातंतू तुटलेले असल्याने वेदना बहुधा होत नाहीत.

निदान व शस्त्रक्रिया

लघवी कमी होणे, रक्तातील क्रिएटिनिन वाढणे ही लक्षणे शरीराने मूत्रपिंड नाकारल्यावरही दिसतात. म्हणून सोनोग्राफी व आवश्यक तेथे सी. टी. स्कॅन करून अडथळ्याची खात्री केली जाते. प्रथम पोटाच्या त्वचेतून मूत्रपिंडात बारीक नळी घालून तुंबलेले मूत्र बाहेर काढतात. मूत्रपिंडाचे कार्य सुधारल्यावर अंतर्गळ उघडून मूत्रवाहिनी हलकेच सोडवितात आणि तिला पूर्वस्थानी नेऊन जांघेची भिंत बळकट करतात. वाहिनी फार लांब असल्यास वा तिचा भाग निकामी झाला असल्यास तेवढा भाग काढून ती पुन्हा मूत्राशयास जोडतात व काही आठवडे आत स्टेंट ठेवतात.

घ्यावयाची दक्षता

प्रत्यारोपणास अनेक वर्षे लोटली, तरी जांघेत फुगवटा दिसताच रुग्णाने प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घ्यावा. अन्यत्र अंतर्गळाची शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास पूर्वीचे प्रत्यारोपण शल्यचिकित्सकास आवर्जून सांगावे. अन्यथा अंतर्गळात शिरलेली मूत्रवाहिनी अजाणता कापली जाण्याचा संभव असतो. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी आपल्या गावातील अशा रुग्णांना ही माहिती दिल्यास दात्याने दिलेले अमूल्य दान व्यर्थ जाणार नाही.